कंटाळलेली आणि कंटाळवाणी

७ मार्च

माझ्या लेकीच्या वडिलांना,

'सप्रेम' वगैरे काही लिहीत नाही, कारण ते खोटं होईल.

तुमचा निरोप मिळाला. "राग शांत झाला की ये म्हणावं." मावशीला एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे ती स्वतःही मोठ्यानंच बोलते. तिनं तो निरोप मला जिन्यात गाठून सांगितला. मी इथे शेजारणींना सांगत होते की मावशीचा गुडघा दुखतो म्हणून राहायला आलेय. आता सगळ्या इमारतीला खरं काय ते कळलंय.

राग शांत व्हायचं म्हणाल, तर तो अजून धड पेटलेलाही नाही.

"एवढ्याशा गोष्टीवरून घर सोडून गेली," असं तुम्ही लेकीला म्हणालात. ती एवढीशी गोष्ट एकदा लिहूनच टाकते. लेकीनं स्वतः पसंत केलेल्या मुलाच्या घरी आपल्याला पहिल्यांदाच जेवायला बोलावलं होतं. मी घालायचे कपडे आधीच इस्त्री करून ठेवले होते. विहीणबाईंसाठी उशांचे अभ्रे शिवले होते, कडेला निळी पट्टी लावून. आणि ऐन निघायच्या वेळी, बूट चढवता चढवता, तुम्ही म्हणालात, "तू राहू दे. त्यांच्याकडे सगळं इंग्रजीतच चालतं. तुला उगाच कंटाळा येईल." माझ्या कंटाळ्याची केवढी काळजी! अभ्रे मात्र आठवणीनं घेऊन गेलात.

तुम्ही मला का टाळलंत ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तुमच्या कंपनीच्या त्या जेवणापासून तुम्ही धास्ती घेतली होती. मोठ्या साहेबांच्या बाईंनी मला विचारलं, कशा आहात, बरं वाटतंय ना इथे? सगळे पुरुष तासभर विम्याचे हप्ते बोलत होते. मी खरं ते सांगितलं, "आय अॅम व्हेरी बोअरिंग." टेबल हसलं. सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसलात आणि इंग्रजीत काहीतरी म्हणालात, त्यावर टेबल आणखी हसलं. काय म्हणालात ते मला कळलं नाही, म्हणून मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही माझ्या कानशिलांना चटके बसतात.

पुढे तो किस्सा तुम्ही दातांच्या डॉक्टरांना सांगितलात, तुमच्या भावाला सांगितलात, खालच्या मजल्यावरच्या जोडप्याला सांगितलात. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे.

तर कळवायचं असं की मी इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागलेय. मावशीच्या गल्लीत पडद्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई आपल्या लेकीएवढ्याच आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी विशेषणं काढली आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले. बोअर्ड आणि बोअरिंग. म्हणाल्या, "हा शब्द ज्याला कंटाळा आलाय त्याचा, आणि हा ज्याच्यामुळे कंटाळा येतो त्याचा." एक कंटाळलेली, दुसरी कंटाळवाणी.

मी वर्गातच उभी राहिले. बाईंना वाटलं, मला काही विचारायचंय.

त्या टेबलावर तुम्ही काय म्हणालात, किस्सा ऐकून ऐकून पाठ झालेलं ते वाक्यही आता मला कळलंय. "ते तर मला इतकी वर्षं माहीत आहे," असं म्हणाला होतात. बायकोच्या तोंडून चुकून शब्द निसटला आणि तुम्ही तो तिच्या कपाळावर चिकटवून टाकलात.

तुम्हाला तर ओळखून चुकलेली,
मी

२४ मार्च

लेकीच्या वडिलांना,

दुकानात फोन करत जाऊ नका. मालक भला माणूस आहे, पण प्रत्येक वेळी कात्री खाली ठेवून "वहिनी, साहेबांचा फोन" असं ओरडतो आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतात. हो, मी दुपारी तिथे पडदे शिवते. घरी जे फुकट करत होते ते इथे पगारावर करते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या.

तुम्ही पाठवलेली पिशवी मिळाली. चष्मा धडपणे डबीत घालून, वर रुमाल गुंडाळून पाठवलात. चष्मा पाठवलात म्हणून मी विरघळेन असं वाटलं असेल तर ते मनातून काढून टाका. चष्म्याशिवाय फळा दिसत नव्हता, एवढं खरं आहे. आता दिसतो.

वर्गाचं विचाराल तर, तुम्ही विचारणार नाहीच, पण सांगते. इंग्रजी विशेषण मोठं ताठ आहे. आपल्याकडे चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगली मुलं. समोर येईल त्याप्रमाणे बिचारं वाकत जातं. तिथे 'गुड' म्हणजे 'गुड'. बाई असो, बुवा असो, एक असो की दहा, ते काही बदलत नाही. मला ते फार आवडलं. इतकी वर्षं मीच सगळ्यांप्रमाणे वाकत होते, आता बघू म्हटलं.

आणि त्यांना रांगेत उभं करायची पद्धत आहे. आधी आपलं मत, मग आकार, मग वय, मग रंग. सुंदर मोठं जुनं तपकिरी टेबल. 'तपकिरी जुनं मोठं सुंदर टेबल' म्हटलं तर बाई कान झाकून घेतात. का, असं विचारलं तर म्हणतात, "कानाला बरं वाटत नाही म्हणून." मी घरी येऊन मावशीला म्हटलं, "तू माझी प्रेमळ छोटी म्हातारी गोरी मावशी." ती म्हणाली, "म्हातारी कुणाला म्हणतेस गं?" बाकी तिला मान्य होतं.

माझ्या शेजारी बेकरीवाला बसतो. त्याला चुकायची अजिबात लाज नाही. परवा तो म्हणाला, "माय वाइफ इज टायर्ड, बिकॉज आय अॅम टायरिंग." बाई म्हणाल्या, "तुम्ही चुकलात का?" तो म्हणाला, "नाही बाई, खरंच तसंच आहे." सगळा वर्ग हसला, तोही हसला. मला रडू आलं, का ते विचारू नका. इतक्या सहज कुणी असं म्हणू शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

तुमच्याकडे उन्हाळ्याचे कपडे वरच्या कपाटात डाव्या बाजूला आहेत. शोधत बसाल म्हणून सांगितलं, दुसरं काही नाही.

मी

१५ एप्रिल

तुम्हाला,

घाईनं लिहितेय, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाचा. पण एकही ओळ गाळू नका.

आज विहीणबाई दुकानात आल्या होत्या.

मी शिडीवर होते, वरच्या कप्प्यातून जाड कापडाचा गठ्ठा काढत होते. मालकानं हाक मारली. गठ्ठा खांद्यावर घेऊन खाली उतरले तर समोर एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई, हातात फुलं. फोटोत पाहिल्या होत्या म्हणून ओळखलं. लेकीकडून पत्ता घेऊन त्या एकट्याच आल्या होत्या. मला बघून त्यांचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाल्या, "यू पूअर, पूअर थिंग."

पूअर म्हणजे गरीब, हे मला शाळेपासून येतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गठ्ठा टेबलावर आपटला आणि म्हटलं, "नो! वी आर नॉट पूअर. माय हजबंड इज बिग मॅनेजर. धिस वर्क आय लाइक." बघा, एवढं होऊनही तुमचीच बाजू राखली.

त्या गडबडल्या. "नो, नो," करत राहिल्या. तेवढ्यात वर्ग घ्यायला आमच्या बाई आल्या, जिन्याशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, "काकू, तसं नाही. हा 'पूअर' पैशाचा नाही. 'बिचारी' म्हणतायत त्या तुम्हाला."

मी म्हटलं, "बिचारी? ती कशापायी?"

बाईंनी विचारलं. विहीणबाई माझ्याकडे न बघता हळू आवाजात सांगू लागल्या आणि बाईंचा चेहरा उतरत गेला. मी म्हटलं, "जसंच्या तसं सांगा, गाळू नका." तेव्हा त्यांनी सांगितलं. तुम्ही त्यांच्या टेबलावर बसून सांगितलंत की तुमची बायको आजारी असते. मनानं अशक्त आहे. चार माणसांत बसवत नाही तिला. फार 'डेलिकेट' आहे.

डेलिकेट म्हणजे काय, ते विचारलं. म्हणे नाजूक, जरा धक्का लागला तर फुटेल असं.

त्या कापडाचा गठ्ठा दुकानातला पोरगेला कारागीर दोन्ही हातांनी उचलतो, आणि मी तो खांद्यावर टाकून शिडी उतरले होते! तुमच्या आईला अंथरुणातून उचलून बसवत होती ती कोण होती? तेव्हा कुठे गेला होता माझा नाजूकपणा?

विहीणबाईंनी मला सरळ विचारलं, आणि हे मला बाईंशिवाय कळलं. आजारी नव्हतात, मग आला का नाहीत? मी कितीतरी उत्तरं देऊ शकले असते. पाहुणे आले होते, गुडघा दुखत होता, तुमची लाज झाकेल असं काहीही. माझ्या तोंडून निघालं, "ही सेड, स्टे होम."

त्यांनी हातातली फुलं टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "तुमची मुलगीही तिथेच बसली होती. तिला हे माहीत होतं?"

मी गठ्ठ्याची सुटलेली दोरी पुन्हा बांधत बसले.

जाताना त्या म्हणाल्या की त्यांना विचार करावा लागेल. बाईंनी ते मला मराठीत सांगितलं नाही, पण मला कळलं. ज्या घरात आईला आजारी म्हणून लपवतात, त्या घरच्या मुलीचा विचार कुणीही करेल. मी असते तर मीही केला असता.

आता सांगा, एवढीशी गोष्ट.

२३ एप्रिल

लेकीच्या वडिलांना,

परवा आपण समोरासमोर बोललो, तेच पुन्हा का लिहितेय असं तुम्ही म्हणाल. कारण घरी पोचेपर्यंत तुमच्या मनात त्याचं काहीतरी वेगळंच झालं असणार. म्हणून झालं तसं लिहून पाठवते.

आदल्या दिवशी लेक येऊन गेली. मावशीच्या पलंगावर बसून रडली. म्हणाली, "बाबा बोलून गेले होते गं. मी काय त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडू?" मी म्हटलं, "आणि मला सगळ्यांसमोर वेडी ठरवलेलं चाललं?" ती म्हणाली, "मला वाटलं, एकदा लग्न झालं की सांगू हळूहळू." ही तुमचीच मुलगी. हळूहळू सांगायचं म्हणजे कधीच सांगायचं नाही, हे तिनं कुणाकडून उचललं ते मला पुरतं माहीत आहे. मी तिला जवळ घेतलं नाही. नंतर ती जिना उतरताना आवाज ऐकत उभी राहिले, पण जवळ घेतलं नाही.

मग तुम्ही आलात. दुकानात शिरून गिऱ्हाइकासारखे पडद्यांची कापडं चाचपत राहिलात. मालकानं विचारलं, खिडकी केवढी आहे? तुम्ही म्हणालात, "मध्यम." मला हसू आलं होतं, ते मी दाबलं, हेही तुम्हाला कळू दे.

तुम्ही म्हणालात, "लग्न मोडेल अशानं."

मी म्हटलं, "मी मोडतेय?"

"तू त्यांना तसं सांगायची काय गरज होती? काहीतरी निभावून न्यायचंस."

"आजवर निभावलं तेच खूप झालं."

मग तुम्ही आवाज खाली आणलात. "हे बघ, मी तुझ्या भल्यासाठीच केलं. लोकांनी तुला हसू नये म्हणून केलं."

मी विचारलं, "पहिल्यांदा कोण हसलं होतं?"

तुम्ही कापडाची किंमत वाचत राहिलात. मी वाट बघितली. मशीनवर शिवण अर्धी पडली होती, तरी वाट बघितली.

मग मी तुम्हाला सांगितलं, आणि तेच इथे पुन्हा लिहिते. लग्नाआधी त्यांच्या घरी पुन्हा जेवण आहे आणि यावेळी आमंत्रण मला थेट आलंय. विहीणबाईंनी स्वतः फोन केला, सावकाश बोलल्या, मला सगळं कळलं. मी जाणार आहे. मावशीलाही नेणार आहे. तिथे मी आजारी नव्हते हे सगळ्यांसमोर तुम्ही सांगायचं. लेकीनं नाही, मी नाही, तुम्ही. आणि ज्या भाषेत खोटं सांगितलंत त्याच भाषेत सांगायचं. मराठीत सारवासारव करण्यात तुम्ही पटाईत आहात.

तुम्ही म्हणालात, "तू फार बदललीस."

बदलले नाही हो. आधीही अशीच होते. तुम्ही विचारलं नव्हतंत.

मी

१० मे

अहो,

सवयीनं लिहून गेले, खोडत नाही. पण त्याचा अर्थ काढत बसू नका.

काल तुम्ही आम्हाला दारापर्यंत सोडलंत. गाडीत कुणीच बोललं नाही. मावशी मागे झोपल्याचं सोंग करत होती, तिला एक अक्षर चुकवायचं नव्हतं, आणि ऐकायला काही मिळालं नाही म्हणून सकाळपासून ती माझ्यावर चिडलीय.

तुम्हाला काल काय वाटलं ते तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल. मला काय वाटलं ते लिहिते.

त्या घरात मी मावशीचा हात धरून शिरले. लांबलचक टेबल, मोठ्या खिडक्या, जागोजाग फुलदाण्या. इतका सुवास सुटला होता की मला राहवेना. मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि विहीणबाईंना म्हटलं, "युवर हाउस इज व्हेरी स्मेली."

 लेकीनं डोळे मिटले. विहीणबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग फुलांकडे बघितलं, आणि खो खो हसायला लागल्या. मला दंडाला धरून टेबलाशी नेलं, फुलांचा वास घेऊन दाखवला, म्हणाल्या, "फ्रेग्रंट." मग नाक चिमटीत धरून म्हणाल्या, "स्मेली." तेव्हा मला कळलं आणि मीही हसले. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांचे यजमान म्हणाले, आमचा कुत्रा ओला असतो तेव्हा तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर आहे.

चुकण्याचं दुःख मला कधीच नव्हतं हो. हे तुम्हाला समजावं असं फार वाटतं. त्या बाई माझा दंड धरून हसल्या. तुम्ही त्या दिवशी साहेबांकडे बघून हसला होतात.

काल मात्र तुम्ही हसला नाहीत. मी बघितलं. तुम्ही ताटात बघत होतात.

मग सूप झालं, भाजलेले बटाटे झाले, आणि मला वाटलं, तुम्ही काही सांगत नाही. मी मनाची तयारी केली की जेवण संपलं की मावशीला घेऊन उठायचं. तेवढ्यात तुम्ही उभे राहिलात. खुर्चीचा पाय सतरंजीत अडकला, तो जावयानं सोडवला. तुम्ही म्हणालात, "माय वाइफ वॉज नॉट इल. शी वॉज नेव्हर इल. आय सेड इट बिकॉज आय वॉज..."

आणि थांबलात.

तुम्ही, जे साहेबांना फोनवर तासभर इंग्रजी ऐकवता. सगळं टेबल वाट बघत होतं. लेक माझ्याकडे बघत होती. शब्द तुम्हाला येत नव्हता असं नाही, तो तोंडातून बाहेर पडत नव्हता. मला तो शब्द ठाऊक होता. त्याच आठवड्यात वर्गात झाला होता. इतकी वर्षं तुम्ही चारचौघांत अडखळलात की मी काहीतरी करून वेळ मारून नेत आले, पाणी पुढे केलं, विषय बदलला, भाजी वाढली. कालही हात पेल्याकडे गेला होता. मी तो मांडीवर घट्ट धरून ठेवला.

 मग तुम्ही म्हणालात, "अशेम्ड." अगदी हळू. "अशेम्ड ऑफ..." आणि खाली बसलात.

विहीणबाईंनी तुमच्याकडे पाव सरकवला. त्यांचे यजमान माझ्या मावशीला कुत्र्याचं वय सांगू लागले, तिला धड ऐकू येत नव्हतं तरी ती मान डोलवत होती. जावई लेकीच्या कानात काहीतरी बोलला. थोड्या वेळानं विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि मी शिवलेले अभ्रे दाखवले, धुऊन घड्या करून ठेवलेले. म्हणाल्या, लग्नाच्या दिवशी घरी पाहुणे राहायला येणार आहेत, तेव्हा हेच घालणार. म्हणजे लग्न ठरलंय तसंच आहे. हे तुम्हाला लेकीनं सांगितलं असेलच.

ती काल माझ्यापाशी येऊन उभी राहिली. यावेळी मी तिला जवळ घेतलं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण गाडीतून उतरताना तुम्ही दार धरून उभे होतात, ते कशासाठी ते मला कळलं. मी आज येत नाही. राग आहेच, तो एका जेवणानं जाण्यातला नाही. दुकानातलं काम मला सोडायचं नाही, वर्गही सोडायचा नाही. या दोन गोष्टी राहतील, हे धरून चाला.

आणि एक राहिलं. आमच्या बाई सांगतात, अशेम्ड म्हटलं की पुढे 'ऑफ' आलं, आणि 'ऑफ' म्हटलं की वाक्य तिथे सोडता येत नाही, पुढे कुणीतरी लागतं. तुम्ही सोडलंत. टेबलावरच्या सगळ्यांनी आपापल्या परीनं ते पुरं केलं असेल. मी रात्रभर दोन तऱ्हांनी करून पाहिलं. तुम्हाला माझी लाज वाटत होती, की तुमची स्वतःची?

रविवारी वर्ग नसतो. मावशी दुपारी झोपते, खरंखुरं झोपते. या, समोर बसा आणि ते वाक्य पुरं करा. मराठीत केलंत तरी चालेल.